वहिनीचं लायसन, दादाचा जॉयस्टिक : फवारणीच्या ड्रोनवरचं एक प्रकरण

लहानपणी व्हिडिओ गेम खेळले त्याचा पुढं काही उपयोग होतो का, ह्यावर दोनच पार्ट्या भेटतात. एक म्हणते डोळे गेले, अभ्यास गेला, पोरगं वाया गेलं. दुसरी म्हणते बोटं चपळ होतात, डोकं फास्ट चालतं, अमेरिकेतले डॉक्टर गेम खेळतात म्हणून ऑपरेशन चांगलं करतात. दोघांच्या खिशात एकेक उदाहरण तयार असतं, पण ते पूर्ण उलगडून कुणी सांगत नाही, म्हणजे नेमकं काय आलं, कुठून आलं, अन् जे आलं ते गेममुळंच आलं हे कशावरून. म्हणून मी एकच प्रकरण घेतोय आणि तेच शेवटपर्यंत लावून धरतोय. आमच्याच भावकीतलं आहे, परभणी जिल्ह्यातलं, पाथरी तालुक्यातल्या एका गावचं. नावं टाकत नाही, नात्यावरच चालवू.

गावातल्या महिला बचत गटाला नमो ड्रोन दीदी योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला. ही योजना केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली, देशभरातल्या १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, बाकी कर्ज. गटातली एक बाई १५ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन पायलट होते, आणि सोबत गटातला किंवा घरातला आणखी एक माणूस घ्यायचा ज्याला वायरिंग-रिपेरिंगची आवड आहे, तो टेक्निशियन कम मदतनीस. हे योजनेतच लिहिलेलं आहे, आणि माझ्या मते योजनेतली सगळ्यात शहाणपणाची ओळ तीच आहे, कारण ड्रोन उडवणारे पुष्कळ भेटतात, बिघडल्यावर बांधावर बसून शांतपणे बघणारे कमी.

तर आमच्याकडं पायलट झाल्या वहिनी. बारावी झालेल्या, माहेर माजलगावकडचं, व्हिडिओ गेमला आयुष्यात हात लावलेला नाही, कारण त्यांच्या गावात गेमच्या दुकानात पोरींनी जायचं नाही एवढा साधा नियम होता. (आपण ज्या कौतुकानं 'आमच्या पिढीनं काँट्रा गेम खेळला' म्हणतो ना, त्या पिढीतली अर्धी माणसं तेव्हा घरी भांडी घासत होती, हे कुणी काढतच नाही.) मदतनीस झाला दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्यांचा नवरा, चाळिशीला टेकलेला, ज्याचं नव्वदीतलं निम्मं बालपण मानवतला मामाकडं राहून गेमच्या दुकानात गेलं. आणि तिसरा त्यांचा पोरगा, नववीला, मोबाईलवरच्या फायरिंगच्या गेममध्ये बुडालेला. एकाच घरात एक बिनगेमवाली, एक कॅसेटवाला, एक मोबाईलवाला. अशी तिघं एकाच मशीनभोवती जमली म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

ट्रेनिंगला आधी सिम्युलेटर देतात. रिमोट खरा असतो, ड्रोन मात्र कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, पाडला तरी काही फुटत नाही. पहिल्या संध्याकाळी वहिनींचा मला फोन, आवाज रडवेला. 'भावजी, त्याचं तोंड माझ्याकडं केलं की डावीकडं मनलं तर उजवीकडं जायलंय, मला काय ते जमंना बगा.' ही अडचण सगळ्यांनाच येते. ड्रोनचं तोंड आपल्या दिशेनं फिरलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, डोक्यात उलटं करून घ्यावं लागतं. घरात लगेच चर्चा सुरू, की दादानं बसायला पायजे होतं, त्याचा हात बसलेला आहे, हा काँट्रावाला गडी आहे.

मग दादा सेंटरला भेटायला गेला तेव्हा तिथल्या सरांनी त्याच्याही हातात रिमोट दिला. आणि मजा बघा, दादानं पुढं न्यायला म्हणून डावा अंगठा वर ढकलला तर ड्रोन पुढं न जाता सरळ आभाळात. पुन्हा तेच. आपल्या जुन्या जॉयस्टिकवर डाव्या हाताला चालायचं बटण, उजव्या हाताला उडी आणि गोळी. ड्रोनच्या रिमोटवर, म्हणजे जो मोड बहुतेक ठिकाणी शिकवतात त्यात, डावी दांडी वर-खाली आणि तोंड फिरवायला, पुढं-मागं-बाजूला जायचं ते उजव्या दांडीवर. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं अंगठ्यात मुरलेली सवय बरोबर उलटी पडली. वर आणखी एक, जुनं बटण एकतर दाबलेलं किंवा सोडलेलं, मधलं काही नाही, आणि ड्रोनची दांडी जितकी ढकलाल तितकाच वेग. दादा प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ढकलायचा, ड्रोन झोकांड्या खायचा. पोरानं नंतर घरी हातात घेतला तर त्याचंही सुरुवातीला तेच, कारण मोबाईलच्या गेममध्येही चालणं डाव्या अंगठ्याला आणि उजवा बघायला-फिरवायला. तो लवकर सावरला हे खरं, वयच तसलं आहे. पण वहिनींना मोडायला जुनी सवयच नव्हती. ट्रेनिंग संपता संपता त्यांचं लँडिंग बॅचमध्ये चांगल्यात गणलं जात होतं, हे मला दादानंच सांगितलं, थोडं तोंड वाकडं करून.

म्हणजे ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त कौतुक होतं, बोटांची चपळाई, तिथं गेमचा फायदा तर सोडाच, आधी तोटा झाला.

आणि पुढचं तर आणखी. शेतावर गेल्यावर दांड्या फार हलवाव्याच लागत नाहीत. प्लॉटची हद्द एकदा रिमोटवर आखून दिली की ड्रोन स्वतः ये-जा करून पट्टे मारतो, पिकावर दोन-तीन मीटर उंच, औषध संपलं की परत येतो. हाताचं काम टेकऑफला, लँडिंगला, आणि काही विपरीत झालं तर. बाकी सगळं काम जमिनीवर. वारं किती सुटलंय, विजेची तार कुठून गेलीय, बांधावरचं बाभळीचं झाड किती बाहेर आलंय, शेजाऱ्याचा रेशीमवाला तुतीचा प्लॉट कोणत्या बाजूला (तिकडं औषध उडालं की अळ्या मेल्या, आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्या), औषध कोणतं कशात मिसळायचं. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला आठ-दहा लिटर, म्हणजे तेच औषध कितीतरी कमी पाण्यात, घट्ट. नीट ढवळलं नाही, गाळलं नाही की नोझल बसलंच. ह्यात वहिनींचा हात धरणारं कुणी नाही. लग्न झाल्यापासून फवारणीला पाणी वाहायचं, औषध कालवायचं, फडक्यातून गाळायचं हे सगळं बायकांकडंच होतं, फवारतो फक्त गडी. ते ज्ञान कुठल्या गेममधून आलेलं नाही आणि त्याला कुणी स्किल म्हणलेलंही नाही.

मग दादाचं काय? इथंच खरं प्रकरण आहे.

ऑगस्टचा शेवट, सोयाबीन शेंगा धरायलेलं, अळी पडलेली, फोनवर फोन, सगळ्यांना आजच पाहिजे. दुपारी तिसऱ्या की चौथ्या टाकीला वहिनींच्या लक्षात आलं की डाव्या बाजूचा फवारा मरतुकडा पडायलाय. खाली घेतला. ड्रोनला चार नोझल, दोन डावीकडं दोन उजवीकडं, प्रत्येक बाजूला आपापला छोटा पंप. डावीकडची दोन्ही नोझल नुसती ठिबकत होती. कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला, तिकडून एका पोरानं व्हिडिओ बघून सांगितलं की बोर्ड गेला असंल, सेंटरला पाठवून द्या. पाठवायचा म्हणजे निम्मा हंगाम गेला. गटातल्या बायका गप्प झाल्या, एकजण तर हप्त्याचा हिशोब घालायला लागली.

दादानं काय केलं ते मी जवळ उभं राहून बघितलंय. आधी पंखे काढले, टाकी धुवून साधं पाणी भरलं. मग डावीकडची नोझल काढून उजवीकडं लावली आणि उजवीकडची डावीकडं, चालू केलं. नोझल बदलली तरी डावीच बाजू मरतुकडी. 'नोझल नाही,' एवढंच मनला. मग दोन्ही पंपांच्या वायरीचे प्लग उपटून अदलाबदल केली, डावा पंप उजव्याच्या सॉकेटात, उजवा डाव्याच्या. चालू केलं. डावाच पंप कुंथत होता, आणि उजवा पंप त्या 'गेलेल्या' सॉकेटवर मस्त चालत होता. दादानं मान वर केली. 'बोर्डाला काय बी झालं नाही. खराबी पंपाबरोबर फिरायली.' मग पंपाकडं जाणारी नळी खोलली, आतल्या बारीक जाळीवर पावडरच्या औषधाचा पांढरा चिखल बसलेला होता, न विरघळलेल्या गुठळ्यांचा. वहिनी म्हणाल्या, 'सकाळी जाऊबाईनं कालवलं, मी मनलं होतं गाळून घ्या.' जाळी धुतली, बसवली, संध्याकाळपर्यंत राहिलेले एकर झाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि खराबी जागेवर थांबती की वस्तूबरोबर फिरती ते बघायचं. ह्यात काही रॉकेट सायन्स नाही, कुठलाही चांगला मेकॅनिक हेच करतो. पण दादा मेकॅनिक शिकलेला नाही. मी विचारलं, हे कुठं शिकलास रे? तर हसला. 'चाचाच्या दुकानात.'

मानवतला बस स्टँडकडच्या बोळात एका चाचांचं गेमचं दुकान होतं, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला. पत्र्याची खोली, तीन पोर्टेबल टीव्ही, तासाला पाच रुपये. सेट म्हणजे ते आपले नेहमीचे. जपानच्या निन्टेंडोनं १९८३ ला फॅमिकॉम नावाचा टीव्हीला जोडायचा गेमचा सेट काढला, आपल्याकडं नव्वदीत आले ते लिटल मास्टर, मीडिया असल्या नावांचे, आतून त्याच मशीनच्या नकला. पिवळी-काळी कॅसेट, वर छापलेलं ९९९९९९९ इन १, आत खऱ्या गेम दहा-वीस आणि बाकी त्याच पुन्हा वेगळ्या नंबरानं. मारिओ, काँट्रा, टँक, सर्कस, बदकं मारायचा डक हंट. दादाकडं पाच रुपये रोज कुठले असणार. तो भिंतीला टेकून बघत बसायचा, आणि दुकानात दर थोड्या वेळानं काही ना काही बिघडायचंच. चाचा ओरडायचे, 'अरे, पिक्चर नै आ री, देख जरा,' आणि दादा उठायचा. दुरुस्त झालं की अर्धा तास फुकट.

आता त्या बिघाडाची जात बघा. स्क्रीनवर मुंग्या आल्या. कारण काय? टीव्हीचं चॅनल सरकलं असंल, अँटेनाच्या खाचेतली वायर ढिली असंल, अ‍ॅडॉप्टरची वायर पिनेपाशी आतून तुटली असंल, कॅसेट नीट बसली नसंल, किंवा कॅसेटच मेली असंल. पाच कारणं, दिसायला सगळी सारखीच. नवीन पोरगं एकदम सगळंच हलवायचं आणि मग चालू झालं तरी कळायचं नाही कशानं झालं. दादाला पंधरा मिनटात पुन्हा उठायचं नसायचं म्हणून तो शोधून काढायचा. ही कॅसेट शेजारच्या सेटात टाक, तिथं चालली तर कॅसेट चांगली. तो अ‍ॅडॉप्टर इकडं लाव. जॉयस्टिक चालत नसंल तर पहिला दुसऱ्याच्या पिनेत लावून बघ, खराबी जॉयस्टिकसोबत गेली की सेटातच राहिली? (तिथंही एक मेख होती, दुसऱ्या जॉयस्टिकला स्टार्ट-सिलेक्टची बटणं नसायची, त्यामुळं गेम चालू करून मग वायर बदलायची.) जॉयस्टिकच असला तर चार स्क्रू काढून बटणाखालचं रबर बघायचं, त्याच्या बुडाला काळा ठिपका असतो, तो झिजला की बटण लागत नाही, मग स्पिरिटनं पुसायचं आणि वरून शिसपेन्सिल घासायची. काही दिवस तरी निघायचे.

कॅसेटमध्ये फुंकर मारायचं तर सगळ्या भारतानं केलंय. निन्टेंडोनं स्वतःच पुढं सांगितलं की फुंकू नका, तोंडातल्या ओलीनं पट्ट्या गंजतात. चालू व्हायची ती काढून परत बसवल्यामुळं. दादानं हे तेव्हाच ताडलं होतं, एकदा फुंकून, एकदा न फुंकता नुसतीच काढ-घाल करून बघून. चाचांना सांगितलं तर चाचा म्हणाले 'फूंकने से बरकत है'. तो विषय तिथंच संपला.

आता इथं घाईनं कुणी म्हणंल, बघा, गेमनं शिकवलं. थांबा जरा. त्याच दुकानात दादाचा एक दोस्त होता, खेळण्यात दादाच्या दहा पट भारी. काँट्रामध्ये ते वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबून तीस लाईफ घ्यायची ट्रिक सगळ्यांना पाठ होती, हा ती न घेता साध्या तीन लाईफवर खेळायचा आणि बऱ्याचदा शेवटच्या बॉसपर्यंत जायचा, बाकीची पोरं श्वास रोखून बघायची. तो आज मानवतला किराणा दुकान चालवतो, चांगलं चालवतो, पण त्याचा इन्व्हर्टर बंद पडला की फोन दादाला येतो. स्क्रीनसमोर तास त्याचे जास्त, दादाचे कमी. दोघांत फरक होता तो स्क्रीनच्या मागं घालवलेल्या वेळेचा.

शिवाय उलटंही असू शकतं. चाचांनी दादालाच का हाक मारली? कदाचित त्याला मुळातच खोलाखोलीचं वेड होतं म्हणून. पुढं काही दिवस तो मोटार रिवायंडिंगच्या दुकानातही बसला, तिथंही हेच पक्कं झालं असणार. एका माणसावरून ह्याचं वजन करता येत नाही. पण तो स्वतः मूळ म्हणून चाचाचं दुकान सांगतो, मोटारीचं नाही, आणि नळी खोलताना त्याच्या तोंडात जे वाक्य होतं, खराबी कुणाबरोबर फिरायली, ते जॉयस्टिकच्या दिवसातलं आहे, मी लहानपणी ऐकलेलं आहे.

खेळाच्या आतलं काहीच आलं नाही असंही मी म्हणणार नाही. टँक गेममध्ये, ज्याचं खरं नाव बॅटल सिटी, नामको कंपनीचा, १९८५ चा, दोघं मिळून खेळायला लागले की एकमेकांना गोळी लागते, मरत नाही पण लागलेला टँक थोडा वेळ जागीच लुकलुकत थिजतो, आणि तेवढ्यात शत्रू येऊन विटा फोडून आपण राखायचा तो गरुड उडवतो. काँट्राचा धबधबा तर दोस्ती तोडायला बनवलेला. पुढचा गडी उड्या मारत वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला बिनगोळीचा मरतो. चाचाच्या दुकानात ह्यावरून मारामाऱ्या झाल्यात. दादा म्हणतो की तिथं त्याला दुसऱ्याच्या वेगानं चालायची सवय लागली. वहिनी ड्रोन उडवताना हा बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो, तारेकडं बघतो, आणि मोजकंच बोलतो, 'तार डाव्या हाताला, अजून लांबय,' बस. बाकीच्या गटांतले नवरे बायकोच्या हातातून रिमोट हिसकावतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दादा हिसकावत नाही. हे काँट्रामुळं की स्वभावामुळं, मला विचाराल तर स्वभावामुळं, पण त्याचं म्हणणं त्याच्या तोंडचं म्हणून लिहून ठेवलं.

आता ते डॉक्टरवालं. तो अभ्यास खरा आहे, २००७ ला आला होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करणारे ३३ डॉक्टर, त्यात जे पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळायचे त्यांच्या सरावाच्या परीक्षेत ३७ टक्के चुका कमी आणि वेग २७ टक्के जास्त. पण माणसं ३३, आणि ज्यांचा हात आधीच चांगला तेच गेमकडं वळले असतील ह्याला काही उत्तर नाही. आणि स्क्रीनकडं बघत हातानं बारीक काम करणं हे दोन्हीकडं सारखंच आहे, म्हणून तिथं उतरलं असंल तर नवल नाही. दुसऱ्या बाजूला २०१८ मध्ये साला, तात्लिदिल आणि गोबे ह्या संशोधकांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघितले, की मुद्दाम गेम खेळायला लावून माणसाची एकूण बुद्धी, स्मरणशक्ती, असलं काही वाढतं का, तर हाताला फारसं काही लागलं नाही. माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो, त्याच्यासारख्याच कामात थोडा होतो, लांबच्या कामात नाही. आणि हे तर थॉर्नडाइक आणि वुडवर्थ हे मानसशास्त्रज्ञ १९०१ मध्येच सांगून बसलेत, एका कामातलं शिकणं दुसऱ्या कामात तेवढंच जातं जेवढे दोन्हींचे घटक सारखे.

दादाच्या प्रकरणाला हे चपखल बसतं. दांड्यांचे घटक सारखे दिसत होते पण उलटे होते, म्हणून नुकसान. दोन सारखे जॉयस्टिक, दोन सारखे पंप, दोन सॉकेट, हे घटक खरोखर सारखे, म्हणून ते मधली सगळी वर्षं ओलांडून जसंच्या तसं आलं.

राहिला पोरगा. तो पब्जी बंद झालं तेव्हा, म्हणजे सप्टेंबर २०२० ला, लहान होता, पण दुसऱ्या वर्षी तेच नवीन नावानं आलं आणि तेव्हापासून अंगठे थांबलेले नाहीत. बिघाडाशी त्याची ओळखच नाही. गेम अडकला की बंद करून चालू, नाहीतर काढून परत टाक. आत हात घालायला काही ठेवलेलंच नाही तर त्याचा तरी काय दोष. वहिनींचं मत मोबाईल काढून घ्यावा, दादाचं मत वेगळं, ह्यावरून घरात रोजचं जेवण तिखट व्हायचं.

मग दिवाळीत दादानं एक प्रकार केला. ऑनलाईन तो जुन्या टाईपचा सेट स्वस्तात मागवला, सोबत बंदूक. मारिओ चालला, टँक चालला, पण बदकांवर बंदूक लागेचना. पोरगा म्हणाला, 'खराब माल आलाय पप्पा, रिटर्न करा.' दादा म्हणाला, खराब आहे कशावरून? मोबाईल दे, स्लो मोशन लाव. टीव्हीसमोर मोबाईल धरून घोडा दाबला आणि मग व्हिडिओ हळू चालवून दाखवला. घोडा दाबल्या क्षणी सगळी स्क्रीन काळी होते, आणि लगेच बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन चमकतो, इतका कमी वेळ की डोळ्याला नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो, त्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला की बदक मेलं. पोरगा बराच वेळ तो व्हिडिओ मागं-पुढं करत बसला. 'म्हंजे बंदूक मारीतच नाही, ती बघतीय!' बरोबर. आणि जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र त्याच क्षणाला उमटायचं, घरातला एलईडी टीव्ही ते आत प्रोसेस करून मग दाखवतो, तोपर्यंत बंदुकीची बघायची वेळ संपलेली असते. सेट चांगला, बंदूक चांगली, टीव्ही चांगला, आणि तरी चालत नाही. मग खात्रीसाठी गावात एका म्हातारीकडं जुना डब्बा टीव्ही होता तिथं नेऊन लावला, बदकं टपाटपा पडली, म्हातारीनंही दोन मारली.

त्यानंतर पोरगा बदलला वगैरे काही नाही. गणितात तेवढेच मार्क, मोबाईल तेवढाच. फक्त एक दिवस माझ्यापुढं सांगत होता की गेममध्ये गोळी उशिरा लागायची तर त्यानं आधी नुसतं सिम बदलून बघितलं, मग तेच सिम माळवदावर जाऊन बघितलं, मग चुलत्याच्या वायफायवर, एकाच मॅपवर, एकाच बंदुकीनं. लॅग सिमचा निघाला. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दादानं मग त्याला ड्रोनच्या बॅटऱ्यांची वही दिली. एकेका बॅटरीत बारा सेल, फुल चार्जला प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट दाखवायला पाहिजे, उडवून आल्यावर सगळे जवळपास सारखेच उतरायला पाहिजेत, एखादा जास्त उतरला की ती बॅटरी कधीतरी हवेत दगा देणार. पोरगा रोज संध्याकाळी आकडे लिहितो, अक्षर घाण पण आकडे बरोबर, आणि तुरीच्या फवारणीत त्यानंच एक बॅटरी बाजूला काढायला लावली, तिचा सातवा सेल दर वेळी मागं पडत होता. ती सध्या ट्रंकेवर लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय, दुरुस्तीला पाठवायची की नवीन घ्यायची हे गटाच्या मीटिंगमध्ये ठरायचंय.

आता त्याला स्वतःला पायलट व्हायचंय. त्यानं गुगल करून नियम काढले, वय अठरा पूर्ण पाहिजे. 'तीन-चार वर्षं तर लागतेत,' म्हणाला. वहिनींनी त्यांच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून त्याच्या पुढं धरला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं, 'दहावी पास बी लागते. ते वाच.'